लष्करचा कट्टा

सिकंदराबादचा जुना रहिवासी आपल्या गावाला सिकंदराबाद क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, लष्कर. आषाढात उज्जयिनी महाकाली देवीचा उत्सव भरतो तोही ‘लष्कर बोनालू’. पुण्याच्या माणसाला हे ऐकून नवल वाटणार नाही, कारण कॅम्पाला लष्कर म्हणण्याची सवय त्याच्याही घरात होती. मात्र हैदराबादच्या शेजारचं हे लष्कर तिथे आलं कसं, याचं उत्तर शोधायला निघालं की वाट थेट अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खर्ड्यापर्यंत येऊन पोचते.

मार्च १७९५. खर्ड्याला निजाम अली खान आणि मराठे समोरासमोर आले. निजामाने इंग्रजांकडे मदत मागितली होती. गव्हर्नर जनरल जॉन शोअर यांनी तटस्थ राहायचं ठरवलं आणि निजामाला खर्ड्याच्या किल्ल्यात अडकून पडून तहावर सही करावी लागली. रागाच्या भरात त्याने पदरी असलेल्या इंग्रज पलटणी परत पाठवल्या आणि रेमों या फ्रेंच सरदाराची फौज वाढवली. तीन वर्षांनी रेमों वारला. त्याच वर्षी कलकत्त्याला नवा गव्हर्नर जनरल म्हणून वेलस्ली आला. १ सप्टेंबर १७९८ च्या तहाने फ्रेंच फौज मोडली गेली आणि कंपनीच्या सहा पलटणी निजामाच्या खर्चाने त्याच्याच राज्यात येऊन राहिल्या. मराठ्यांची धास्ती नसती, तर निदान त्या वर्षी तरी त्या तिथे आल्या नसत्या.

या पलटणींनी तंबू ठोकले ते शहराच्या ईशान्येला, एका मोठ्या तलावापलीकडच्या माळावर. १८०३ मध्ये सिकंदर जाह निजामाच्या गादीवर बसला आणि १८०६ मध्ये छावणीला त्याच्या नावावरून सिकंदराबाद हे नाव मिळालं. आज या गावात सकाळ-संध्याकाळ जिथे जिथे माणसं पाय मोकळे करायला जातात, त्या जागांची यादी केली तर एक गंमत दिसते. चालण्यासाठी म्हणून त्यातली जवळजवळ एकही वाट बांधलेली नव्हती. कुणी ती पाणी अडवायला बांधली, कुणी तोफा न्यायला. चालणारे मागून आले.

पाण्याची गोष्ट लष्कराहून अडीचशे वर्षांनी जुनी. हुसेनसागर बांधला गेला १५६२ च्या सुमारास, इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात. तेव्हा हैदराबाद वसलेलंही नव्हतं, चारमिनार उभा राहायला अजून तीसेक वर्षं होती. राजधानी गोवळकोंड्याला. तलावाचं काम पाहिलं सूफी संत हुसेन शाह वली यांनी. लोककथा अशी की राजाने नाव ठेवलं होतं इब्राहिमसागर, पण लोक हुसेन शाहांचंच नाव घेत राहिले. तेव्हा राजाने कपाळावर हात मारला आणि आपल्या नावाचा दुसरा तलाव इब्राहिमपट्टणमला बांधून घेतला. खरं-खोटं देव जाणे. तो दुसरा तलाव मात्र खरोखरच आहे.

तेलंगणात तलाव बांधणं ही कुतुबशाहीची नवलाई नव्हती. काकतीयांच्या काळापासून या उताराच्या, खडकाळ मुलखात पावसाचं पाणी अडवण्याची एक रीत बसलेली होती: दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालायची, पाण्याच्या बाजूने दगड बसवायचे, एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात सोडायचा. तलावाला तेलुगूत चेरुवु म्हणतात, लहानशा तळ्याला कुंटा, आणि त्या पाळीला कट्ट. मराठी कानाला हा शब्द ऐकताच गप्पांचा कट्टा आठवतो. आठवू द्यावा. हुसेनसागराच्या कट्टवर आज जे चालतं ते पाहिलं, तर दोन शब्दांत फार अंतर उरत नाही.

हुसेनसागर मुसीच्या एका उपप्रवाहावर आहे. मुसीचं पाणीही एका कालव्याने त्यात आणलं होतं. बलकापूर नाला हे नाव त्या जुन्या व्यवस्थेची आठवण म्हणून उरलं आहे. कुकटपल्ली, पिकेट आणि बंजारा हे बाकीचे नाले. तलाव भरला की सांडवा शहरातून खाली जाऊन पुन्हा मुसीला मिळायचा. पाळीची लांबी सव्वादोन-अडीच किलोमीटर, आणि ती अगदी सपाट. सपाटपणा हा चालणाऱ्यांवर केलेला उपकार नव्हे. पाळीचा माथा कुठेही खाली राहिला, तर पाणी नेमकं तिथूनच चढून पाळ कापत जातं. या गावात म्हातारी माणसंही धाप न लागता दोन मैल चालून येतात, त्याचं एक कारण सोळाव्या शतकातल्या बांधकऱ्याने घेतलेली ही खबरदारी आहे.

पलटणी आल्या आणि पाळीला दुसरं काम लागलं. हैदराबादच्या कोठी भागात कंपनीच्या रेसिडेंटची भव्य हवेली उभी राहत होती, तलावापलीकडे छावणी. या दोहोंमधला सरळ रस्ता पाळीवरूनच जात होता. निरोपे, घोडेस्वार, पालख्या, पुढे बग्ग्या. दिवस कलला की साहेब लोक हवा खायला तिथेच निघत. उर्दूत या सवयीला हवाखोरी असा शब्द आहे. मराठीतही आपण हवा खातोच.

पण या भागातलं सर्वांत जुनं चालणं हवेसाठी नव्हतं. ते होतं मौला अली डोंगराकडचं.

सिकंदराबादच्या पूर्वेला ग्रॅनाइटचा एक प्रचंड घुमट जमिनीतून वर आल्यासारखा उभा आहे. कथा अशी सांगतात की कुतुबशाही दरबारातल्या याकूत नावाच्या खोजाला १५७८ च्या सुमारास स्वप्न पडलं. हिरव्या वस्त्रांतला एक माणूस त्याला डोंगरावर घेऊन गेला. तिथे हजरत अली बसले होते आणि त्यांचा हात खडकावर टेकलेला होता. जाग आल्यावर याकूत डोंगर चढला, तर खडकावर हाताचा ठसा. इब्राहिम कुतुबशहाने तिथे दर्गा बांधला. दरवर्षी रजब महिन्याच्या सतराव्या तारखेला उरूस भरू लागला आणि पुढे निजामांच्या आसफजाही काळात तर त्याला राजमान्यता मिळाली. निजाम, सरदार, नाचगाणाऱ्या, फकीर, मिठाईवाले असे सगळे शहर सोडून कित्येक दिवस डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम टाकत. वाटेवर अमिरांनी बागा आणि बारादऱ्या बांधल्या. आषाढी वारीशी याची तुलना करणं जरा धाडसाचं आहे, कारण इथे भक्तीइतकीच मौजही होती, आणि पायी चालणाऱ्याच्या शेजारून हत्तीही झुलत जात. तरी एक साम्य सुटत नाही. वर्षातून एकदा अख्खं शहर एकाच दिशेला चालू लागत असे.

याच डोंगराच्या पायथ्याशी मह लका बाई चंदा चिरविश्रांती घेते आहे. १७६८ चा जन्म, १८२४ चा मृत्यू. कवयित्री, गायिका, दरबारात मान असलेली, स्वतःचा उर्दू दीवान असलेली बाई. आईच्या कबरीभोवती तिने १७९२ मध्ये बाग आणि वास्तू बांधून घेतली आणि शेवटी स्वतःही तिथेच विसावली. २०१० नंतर या जागेची नीट डागडुजी झाली. लोकलने मौला अली स्टेशनला उतरणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना ती ठाऊक असेल, असा विचार मनात येतोच.

बोनालूचं चालणंही लष्करातलंच. मंदिराचा इतिहास सांगतो की सुरिटी अप्पय्या नावाचा पलटणीतला एक डोलीवाहक १८१३ मध्ये आपल्या तुकडीबरोबर उज्जैनला होता. इकडे हैदराबाद-सिकंदराबादेत पटकीने माणसं मरत होती. साथ थांबली तर तुझी स्थापना आमच्या गावी करीन, असा त्याने महाकालीला नवस बोलला आणि १८१५ मध्ये परतल्यावर तो फेडला. बोनम म्हणजे भोजन, देवीचा नैवेद्य. शिजवलेल्या भाताचं, कडुनिंबाच्या डहाळ्या खोचलेलं, वर दिवा लावलेलं मडकं डोक्यावर घेऊन बायका मंदिरापर्यंत चालत जातात. फौजेच्या पायांनी एक देवी माळव्यातून दख्खनेत आली.

इंग्रज अधिकारी मात्र जुन्या शहरात पायी जायला धजत नसत. नोव्हेंबर १८९६ मध्ये पोलोच्या सामन्यांसाठी विन्स्टन चर्चिल नावाचा बावीस वर्षांपेक्षाही लहान एक लेफ्टनंट बंगलोरहून इथे आला होता. रेसिडेंटची मुलगी पामेला प्लाउडन हिच्याशी त्याची ओळख झाली आणि दोघांनी मिळून हैदराबाद पाहायचं ठरवलं, तेही हत्तीवरून. कारण आईला लिहिलेल्या पत्रात त्याने दिलं आहे: पायी गेलं तर लोक गोऱ्यांवर थुंकतात, मग प्रत्युत्तर, मग दंगा. चालणं ही केवढी राजकीय गोष्ट असू शकते हे या ओझरत्या तपशिलातून जेवढं कळतं, तेवढं जाडजूड गॅझेटियरांतून कळत नाही. तलावाच्या अलीकडे साहेब पायी हिंडायचा, पलीकडे गेला की त्याला हत्ती लागायचा.

आणि तलावाचीही त्याला धास्ती होतीच. मलेरिया या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच खराब हवा. साचलेल्या पाण्यावरून, दलदलीवरून संध्याकाळी जी हवा येते ती हिवताप आणते, अशी युरोपातली पिढ्यान् पिढ्यांची समजूत. म्हणजे एकीकडे हवा खायला तलावाकाठी जायचं आणि दुसरीकडे त्याच हवेला भ्यायचं. ही गाठ सुटली ती याच गावात.

रोनाल्ड रॉस इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता आणि १८९५ पासून, मधले बंगलोर आणि उटीचे मुक्काम सोडले तर, सिकंदराबादला मद्रासी पलटणीबरोबर होता. डास आणि हिवताप यांचा संबंध असावा असं त्याला लंडनहून पॅट्रिक मॅन्सन यांनी सुचवलं होतं. पण आधी त्याचा कल असा होता की डास पाण्यात मरतात आणि ते पाणी प्यायल्याने रोग होतो. १८९७ चा ऑगस्ट, पाऊस नीट नाही, उकाडा असह्य. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, भिंगाला तडा गेलेला. पंखा लावावा तर कापलेले डास उडून जातील. हुसेन खान नावाच्या रुग्णाला पैसे देऊन त्याच्या अंगावर डास बसवले होते. २० ऑगस्टला, ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या पोटाच्या भिंतीत रॉसला काळ्या कणांच्या गोल पेशी दिसल्या. हिवतापाचा परजीवी डासात वाढतो, हे त्यातून उलगडलं. रॉसने जिथे हे काम केलं ती बेगमपेटची इमारत अजून उभी आहे आणि हुसेनसागर तिथून फार लांब नाही. १९०२ मध्ये रॉसला नोबेल मिळालं. जगभर २० ऑगस्ट हा डास दिन म्हणून पाळतात. हवा निर्दोष सुटली आणि पाण्याकाठी फिरायला जाणाऱ्याने कशाला भ्यायचं तेही नक्की झालं.

छावणी दरम्यान पसरत गेली. तिची जुनी नावं वाचली की कवायतीचा आवाज येतो: पिकेट, मडफोर्ट, कारखाना, रेजिमेंटल बाजार, जनरल बाजार. १८५७ नंतर त्रिमलगिरीला खंदक आणि बुरुजांनी वेढलेला तळच उभा केला. रस्ते रुंद ठेवले, चढ सौम्य ठेवले, कारण त्यांवरून बैलांनी ओढलेल्या तोफा न्यायच्या होत्या. दोन्ही बाजूंना चिंच, कडुनिंब, वड, आणि नंतर दक्षिण अमेरिकेतून आलेला वर्षावृक्ष. त्याची पानं संध्याकाळी मिटतात म्हणून तेलुगूत त्याच्या नावातच निद्रा आहे, निद्रगन्नेरु. छावणी साधारण चाळीस चौरस किलोमीटरची, देशातल्या मोठ्यांपैकी एक. तिच्या कुंपणाआड बांधकामावर बंधनं, उंचीवर मर्यादा, जमीन संरक्षण खात्याची. भोवती शहर काँक्रीटने भरत गेलं आणि आत झाडं तशीच राहिली. फौजेने वनीकरणाचा विडा उचलला होता असं नाही. तिने फक्त कुणाला आत येऊ दिलं नाही.

छावणीच्या उत्तर टोकाला बोलारम. तिथलं होली ट्रिनिटी चर्च १८४७ चं, राणी व्हिक्टोरियाच्या देणगीतून उभं राहिलेलं. १९८३ च्या नोव्हेंबरात तिची खापरपणती एलिझाबेथ आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला याच चर्चमध्ये प्रार्थनेला आली होती. जवळच १८६० मध्ये बांधलेली रेसिडेंटची कोठी आहे. १९५० पासून ती राष्ट्रपती निलयम झाली. नव्वदेक एकरांच्या त्या आवारात बागा, औषधी वनस्पती, आंबे-चिंचांची झाडी, आणि स्वयंपाकघरातून भोजनगृहाकडे जाणारा एक भुयारी मार्ग. पूर्वी वर्षातून मोजके दिवसच ते लोकांना पाहता यायचं. मार्च २०२३ पासून वर्षभर खुलं झालं. बोलारमला चालणं सपाट, सावलीचं आणि निवांत आहे, एवढं सांगितलं की पुरे.

नदीचं काय, असं वाचक विचारील. सिकंदराबादला नदी नाही. मुसी दक्षिणेला, जुन्या शहराच्या अंगणात. पण तिच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, कारण तिच्या काठावरची वाटही चालण्यासाठी झाली नाही. ती झाली एका पुरामुळे.

२८ सप्टेंबर १९०८. वरच्या खोऱ्यात पाऊस कोसळला आणि दोनशेहून अधिक तलावांच्या पाळी एकामागून एक फुटल्या. एका तलावाचा सांडवा दुसऱ्यात सोडण्याची जी रीत मघाशी सांगितली, तीच त्या दिवशी उलटली. प्रत्येक फुटलेला तलाव खालच्याला फोडत गेला. अफजलगंजची वस्ती वाहून गेली. मृतांचा आकडा साधारण पंधरा हजार सांगतात. आजच्या उस्मानिया इस्पितळाच्या आवारात चिंचेचं एक म्हातारं झाड आहे. त्याच्या फांद्यांवर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली अशी आठवण शहराने जपली आहे, आणि पुराच्या तारखेला लोक आजही त्या झाडाखाली जमतात.

पुढची तजवीज करायला निजामाने १९०९ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुणेकरांना ते परके नाहीत. त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजातलं आणि खडकवासल्याला पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीच बसवले होते. त्यांनी वर दोन धरणं सुचवली. मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये आणि इसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. शहरातले काठ उंच करून तिथे बागा आणि फिरण्याच्या जागा कराव्यात, हीदेखील त्यांचीच सूचना. हायकोर्ट आणि उस्मानिया इस्पितळ समोरासमोर काठावर उभी राहिली, मध्ये हिरवळ. नंतरच्या दशकांत शहराच्या सांडपाण्याने मुसीचा वास असा काही केला की त्या काठावर हवा खायला कोण जाणार? धरणांनी पूर थोपवला आणि नदीचं पाणीही. काठ राहिला, नदी आटली.

म्हणून माणसं पुन्हा पाळीकडेच वळली. १९४६ मध्ये सर मिर्झा इस्माईल हैदराबादचे दिवाण झाले. म्हैसूर आणि जयपूर सजवून आलेला माणूस. त्यांच्या काळात पाळीवरचा रस्ता रुंद झाला, कठडे आणि दिवे आले, आणि टँक बंड हे नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. पुढे मुख्यमंत्री एन. टी. रामारावांनी १९८६ मध्ये तेलुगू इतिहासातल्या तेहतीस थोरांचे पुतळे रांगेत उभे केले. कवी, राणी, संत, समाजसुधारक, आणि गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाहसुद्धा. पाण्यात बुद्धाची साडेतीनशे टनांची एकसंध मूर्ती आणायची होती. १० मार्च १९९० रोजी तराफा कलंडला, माणसं गेली आणि बुद्ध तलावाच्या तळाशी दोन वर्षांहून अधिक काळ पडून राहिला. १९९२ च्या डिसेंबरात तो वर आला. आणखी एक १० मार्च, २०११ चा: स्वतंत्र तेलंगणासाठी निघालेला ‘मिलियन मार्च’ याच पाळीवर जमला आणि आंध्राच्या थोरांचे कित्येक पुतळे त्या दिवशी फोडले गेले. नंतर ते पुन्हा बसवले.

मराठवाड्यातून देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबादला उतरलेल्या किती पिढ्यांनी हा तलाव पहिल्या संध्याकाळी पाहिला असेल! १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबादचा कारभार हैदराबादहूनच चालायचा. शिक्षणाला, नोकरीला, कोर्टाच्या कामाला याच शहरात यावं लागे. गणपतीचं विसर्जनही याच तलावात. खैरताबादचा अवाढव्य गणपती १९५४ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने अवघ्या एका फुटाच्या मूर्तीने सुरू झाला होता. त्याच्यासारख्या हजारो मूर्तींनी तलावाचं काय केलं, हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला.

आता चालणाऱ्यांची भांडणंही वेगळी आहेत. छावणीतले कित्येक रस्ते सुरक्षेच्या नावाखाली बंद होत गेले. रहिवाशांनी निषेध केला आणि २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ते उघडण्याचा आदेश दिला. त्याआधी बंजारा-ज्युबिली हिल्सच्या अंगाला कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यानाभोवती उड्डाणपुलांसाठी झाडं तोडण्याचा घाट घातला, तेव्हा रोज तिथे फेऱ्या मारणारे लोकच झाडांना राख्या बांधल्यासारखे उभे राहिले. १९९६ मध्ये स्थापन झालेली ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था अडीच अब्ज वर्षं जुन्या ग्रॅनाइटच्या गोट्यांमधून लोकांना चालवत नेते, कारण सुरुंग लावणाऱ्याच्या आधी निदान कुणाच्या तरी डोळ्यांत ते खडक भरावेत.

२०२१ मध्ये टँक बंडवर रविवारी संध्याकाळी पाच ते रात्री दहापर्यंत गाड्या बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. लहान मुलं रस्त्याच्या मधोमध सायकली चालवू लागली, आजीबाई पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर टेकू लागल्या, मिरची भजीवाल्यांना उसंत मिळेना. दहा वाजले की पोलीस लोखंडी अडथळे बाजूला सारत, पहिली रिक्षा हॉर्न वाजवत पाळीवर चढे आणि चालणारे कठड्याला चिकटून लष्कराच्या दिशेने घरी निघत.